‘गुह्य’ : अंबरनाथच्या गाभाऱ्यापासून ‘गोपनीय’ शिक्क्यापर्यंत

अंबरनाथ स्थानकाच्या पश्चिमेला संरक्षण खात्याच्या कारखान्यांची लांबलचक कुंपणभिंत आहे. गावात त्या परिसराला ‘ऑर्डनन्स’ एवढ्याच नावाने ओळखले जाते. परवान्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही, आणि आत नेमके काय कसे घडते याची वाच्यता बाहेर होत नाही.

रूळ ओलांडून पूर्वेला, वालधुनीच्या काठी, शिलाहारांचे शिवमंदिर उभे आहे. त्यातील शिलालेखाचा शक ९८२ म्हणजे इसवी सन १०६०, आणि राजा मुम्मुणी. या मंदिराचे एक वैशिष्ट्य पाहणाऱ्याच्या पायांना आधी जाणवते. बहुतेक मंदिरांत देवाकडे जाताना चढावे लागते; इथे मंडपातून सुमारे वीस पायऱ्या खाली उतरल्यावर गाभारा येतो. भूमीच्या पोटात शिवलिंग आहे आणि वर, शिखराच्या जागी, उघडे आकाश.

एकाच गावात, रुळांच्या दोन बाजूंना, या दोन बंदिस्त जागा आहेत. एकीला आजची शासकीय मराठी ‘गोपनीय’ म्हणेल. दुसरीला जुनी भाषा ‘गुह्य’ म्हणत आली. कानाला दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात त्यांची कुळे वेगळी आहेत.

शब्दांच्या बाबतीत कानावर विसंबणे धोक्याचे असते, याचे उदाहरण याच मंदिरात आहे. छत उघडे म्हणून ‘अंबर’, आकाशाचा नाथ तो अंबरनाथ, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. शिलालेखातील नाव मात्र ‘आम्रनाथ’ असे आहे. आकाशाचा अर्थ मागाहून येऊन चिकटला. सुंदर आहे, पण मागाहूनचा आहे.

तेव्हा ‘गुह्य’ या शब्दाकडेही थोडे सावधपणेच गेलेले बरे.

मूळ धातू ‘गुह्’, अर्थ लपवणे, झाकणे. त्याचे कुटुंब मराठीत आजही नांदते. ‘गुहा’ म्हणजे लपण्याची जागा. ‘गूढ’ म्हणजे लपलेले. कुबेराच्या निधीची राखण करणारे ते ‘गुह्यक’. कार्तिकेयाचे एक नाव ‘गुह’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांना ‘गूढपुरुष’ असा शब्द आहे. त्यांची निवड कशी करावी यावर पहिल्या अधिकरणात स्वतंत्र अध्याय खर्ची पडला आहे.

ऋग्वेदात ‘गुहा’ हा शब्द पुष्कळदा डोंगरातील कपारीसाठी येत नाही. तो क्रियाविशेषणासारखा येतो: ‘लपवून’, ‘दृष्टीआड’. दीर्घतमस् ऋषीच्या प्रसिद्ध सूक्तात वाणीचे चार भाग सांगितले आहेत. त्यांतील तीन असे दृष्टीआड ठेवलेले, आणि माणसे बोलतात तो केवळ चौथा. पुढे उपनिषदांनी ही गुहा माणसाच्या हृदयात नेली. जे शोधायचे ते दूर नाही, आतच आहे, फक्त उतरावे लागते. अंबरनाथच्या पायऱ्या उतरताना ही कल्पना आठवल्यावाचून राहत नाही. मात्र स्थपतीच्या मनात नेमके हेच होते असे म्हणणे शिलालेखाच्या पदरी नसलेले विधान त्याच्या गळ्यात बांधण्यासारखे होईल.

या धातूचा एक भाऊबंद इराणात आहे, आणि त्याची कथा रोचक आहे. संस्कृत ‘गुह्’ आणि प्राचीन फारसीतील ‘गौद्’ हे एकाच मुळाचे. इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास दारयवहु राजाने, ज्याला जग डरायस म्हणून ओळखते, बेहिस्तूनच्या कड्यावर आपला प्रचंड लेख कोरवला. त्यात पुढच्या पिढ्यांना त्याने बजावले आहे: हा वृत्तान्त लोकांना सांगाल तर अहुरमज्द तुमचे कल्याण करील, आणि लपवाल तर तुमचा नाश करील. ‘लपवाल’ या क्रियापदात तोच ‘गौद्’ आहे. एकाच मुळाचे क्रियापद तिकडे राजाज्ञेने निषिद्ध ठरले आणि इकडे त्यातून आदराचा शब्द घडला.

आता या शब्दातील खरी मेख. ‘गूढ’ आणि ‘गुह्य’ यांत व्याकरणाचा फरक आहे, आणि पुढचा सारा इतिहास त्या फरकातून निघतो. ‘गूढ’ हे भूतकालवाचक रूप: जे लपलेले आहे ते. ‘गुह्य’ हे कृत्य प्रत्ययाचे रूप: जे लपवावे, लपवण्यास योग्य, ते. ‘पेय’ म्हणजे पिण्यास योग्य, ‘देय’ म्हणजे देण्यास योग्य, तसेच हे. ‘गूढ’ वस्तुस्थिती सांगते. ‘गुह्य’ कर्तव्य सांगते.

आणि कर्तव्य म्हटले की प्रश्न उभा राहतो: ते ठरवायचे कोणी? कोणापासून लपवायचे?

प्राचीन धर्मसूत्रांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत वितळलेला धातू आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात, शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही असे प्रतिपादन करताना, हे वचन आधार म्हणून येते. ज्ञानाचे रक्षण आणि कानाची शिक्षा या दोन गोष्टी एका वाक्यात बसल्या. कान लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

भगवद्गीतेचे उत्तर निराळे आहे. नवव्या अध्यायाचे नावच ‘राजविद्याराजगुह्ययोग’. अठराव्यात तर हा शब्द पायरीपायरीने चढत जातो: गुह्य, त्याहून गुह्य, सर्वांत गुह्य. हे ज्ञान कोणाला सांगू नये याची यादीही तिथे आहे. ज्याच्या ठायी तप नाही, भक्ती नाही, ज्याला ऐकण्याची इच्छा नाही, जो मत्सर करतो, त्याला सांगू नये. या यादीत जात नाही. स्त्री-पुरुष भेद नाही. अट वृत्तीची आहे, जन्माची नाही. शिवाय गुह्याहून गुह्य सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की यावर पूर्ण विचार कर आणि तुझ्या इच्छेस येईल तसे वाग. गुपित सांगून त्याबदली आज्ञापालनाची शपथ न घेणारा गुरू विरळाच.

मधल्या काळात तांत्रिक पंथांनी ‘गुह्य’ हा शब्द आपलासा केला. बौद्ध वज्रयानातील एका प्रमुख ग्रंथाचे नाव ‘गुह्यसमाज’. काया, वाणी आणि चित्त हे त्याचे तिहेरी गुह्य. ही परंपरा कोकणातही पोहोचली होती. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथे कोटजाई नदीच्या काठावर २९ लेण्यांचा समूह आहे. तिथे वज्रयानातील महाचंडरोषण या उग्र देवतेची मूर्ती सापडते, आणि त्याच समूहात पुढच्या काळातील नाथ-सिद्धांची शिल्पेही. ११३९ चा शिलाहार ताम्रपट या गावाचे जुने नाव ‘प्रणालक’ असे देतो. म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. अंबरनाथचे मंदिर बांधणाऱ्या घराण्याच्याच मुलखात, शंभर वर्षांच्या आगेमागे, गुह्य विद्येची केंद्रे एका पंथाकडून दुसऱ्याकडे जात होती.

आता नाथपंथ. त्याच्या उगमाची कथाच चोरून ऐकण्याची आहे.

आदिनाथ शंकर क्षीरसागराच्या काठी पार्वतीला एकांतात परमगुह्य सांगत होते. पार्वतीला म्हणे झोप लागली. पाण्यातल्या माशाच्या पोटात असलेल्या मत्स्येंद्राने मात्र सारे ऐकले. या कथेची अनेक रूपे भारतभर आढळतात. पार्वतीच्या झोपेचा तपशील काहींत आहे, काहींत नाही. मत्स्येंद्राच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या ‘कौलज्ञाननिर्णय’ या जुन्या ग्रंथात तर शास्त्रच समुद्रात फेकले जाते, मासा ते गिळतो आणि ते माशाचे पोट फाडून परत मिळवले जाते. मत्स्येंद्र हा या कथांत कोळी म्हणून येतो. म्हणजे ज्या परंपरेला आपले ज्ञान गुह्य असल्याचा अभिमान, तिच्या पहिल्या मानवी गुरूला ते ज्ञान रीतसर मिळालेच नाही. ते त्याच्या कानावर पडले.

अंबरनाथ तालुक्यातच मलंगगड आहे. तेथील स्थान हाजी अब्दुल रहमान मलंग यांचा दर्गा म्हणून ओळखले जाते आणि नाथपंथी भाविक त्यास मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. दोन्ही श्रद्धांची माणसे एकाच वाटेने तो गड चढतात.

मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव. ही गुरुपरंपरा स्वतः ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सांगितली आहे, माशाच्या पोटातील प्रसंगासह. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा उपदेश त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरील गुहेत मिळाला अशी परंपरागत कथा आहे. गुहेतले गुह्य, अगदी शब्दशः. इथवर सारे नियमाप्रमाणे. मात्र ज्ञानदेव पुढे सांगतात की गहिनीनाथांनी हे भांडार निवृत्तिनाथांना देताना एक आज्ञाही दिली: कलीने ग्रासलेल्या जीवांना याने सोडव. साठा देतानाच तो वाटण्याची आज्ञा झाली.

ही आज्ञा ज्यांनी पाळली ती भावंडे संन्याशाची मुले म्हणून समाजाबाहेर टाकली गेली होती, असे चरित्रपरंपरा सांगते. दार बंद होण्याचा अर्थ त्यांना पोथीतून शिकावा लागला नव्हता.

शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशात, रामदेवराव यादवाच्या राज्यात, ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली. सहाव्या अध्यायात आसनाचे काही श्लोक आले आणि ज्ञानदेवांनी तिथे कुंडलिनीचे सविस्तर वर्णन उघड केले. मूळ गीतेत ते नाही. ते नाथांच्या गुरुशिष्यांमध्ये बंद असलेले ज्ञान होते. ज्ञानदेवांनीही तो नाथांचा संकेत असल्याचे सांगूनच ते उलगडले. चावी कोणाच्या घरची आहे हे सांगून कुलूप उघडले.

त्याहूनही धीट स्थळ अठराव्या अध्यायात आहे. वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला, असे ज्ञानदेव म्हणतात. स्त्रिया, शूद्र आदी जन तसेच राहिले. आपल्यातला हा उणेपणा भरून काढण्यासाठी वेदच गीतेच्या रूपाने पुन्हा प्रकटला, ज्यायोगे तो कोणालाही सेवता यावा. ‘कानी लागणे’ हा वाक्प्रचार आजही मराठीत आहे, चहाडी करणाऱ्याबद्दल वापरतात. शिसे-लाखेच्या शिक्षेतला कान इथे परत आला आहे. सूत्रकार ऐकणाऱ्या कानाला दोषी ठरवतो. ज्ञानदेव न सांगणाऱ्या तोंडाला दोष देतात, आणि तोही वेदाविषयीचा पूर्ण आदर राखून.

या एका उलटापालटीने वर्णव्यवस्था ढासळली नाही. चोखोबा विठ्ठलाच्या दारातच राहिले. पण ‘गुह्य’ या शब्दातील कर्तव्याची दिशा बदलली. लपवण्यास योग्य ते आता योग्य माणसाला सांगण्यास योग्य झाले, आणि योग्यतेची परीक्षा जन्मावर राहिली नाही.

याच वेळी, याच गोदावरीच्या खोऱ्यात, दुसरा एक पंथ हाच प्रश्न सोडवत होता. त्याचे उत्तर मात्र पुढे अगदी उलट्या दिशेला गेले.

चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ मराठीत बोलणारा, मराठीत लिहिणारा. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ संकलित केले ते शके १२०० च्या, म्हणजे १२७८ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्याही आधी. आचार्य नागदेवांपुढे केशोबासांसारख्या विद्वान शिष्याने संस्कृतात रचना करण्याचा विचार मांडला, तेव्हा नागदेवांनी तो मोडून काढला. त्याने पंथातल्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, हे त्यांचे कारण. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथातील हा प्रसंग मराठीच्या इतिहासात फार मोलाचा आहे. ज्ञान कोणाच्या भाषेत असावे, याचा निर्णय इथे एका वृद्धेच्या आकलनावर ठरला.

आणि पुढच्या शतकात याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले.

‘सकळ लिपी’ ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. तिचे जनकत्व रवळोबासांकडे जाते. सुंदरी, वज्र, अंक, शून्य अशा नावांच्या आणखीही लिप्या होत्या. सकळ लिपीची युक्ती साधी: एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. किल्ली ठाऊक असणाऱ्याला पोथी सरळ वाचता येते. इतरांना ती निरर्थक अक्षरांची रास दिसते. भाषा मराठी, आशय मराठी, तरीही मराठी माणसाला वाचता येऊ नये अशी योजना.

कारणांविषयी मते वेगवेगळी आहेत. सत्तांतराच्या धामधुमीत ग्रंथ वाचवावेत, विरोधकांच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये, अनधिकारी माणसाने पवित्र वचनांना हात लावू नये. तिन्ही कारणे एकाच वेळी खरी असण्याला काही हरकत नाही. भीती आणि पावित्र्य यांची भिंत बहुधा एकाच विटांची असते.

परिणाम मात्र निर्विवाद आहे. जवळजवळ साडेपाचशे वर्षे उर्वरित महाराष्ट्राला आपल्या भाषेतील पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाची ओळखच नव्हती. पंथाविषयी गैरसमज वाढले, कुचेष्टा झाली, आणि ती खोडून काढणारे पुरावे पंथाच्याच पेट्यांत कुलूपबंद राहिले. मराठी वाङ्मयाचा जुना काळ म्हणजे मुकुंदराज, ज्ञानदेव आणि वारकरी संत, एवढेच चित्र अभ्यासकांसमोर होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली. ठाण्याचे वि. ल. भावे, ज्यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना केली, त्यांनी आपल्या ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथाच्या १९१९ च्या आवृत्तीत महानुभाव वाङ्मयाला त्याचे स्थान दिले. ‘लीळाचरित्रा’ची वि. भि. कोलते यांनी संपादिलेली आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केली. म्हाइंभटांच्या लेखणीपासून तोवर सातशे वर्षे झाली होती.

या कुलुपाची दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. ज्ञानेश्वरी सर्वांची झाली म्हणूनच तिच्यात पाठभेद शिरले, आणि १५८४ मध्ये एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. महानुभावांच्या पोथ्यांतही पाठभेद आहेत, तरी मोजक्या हातांनी, श्रद्धेने नकललेल्या त्या पोथ्यांनी तेराव्या शतकातील बोली मराठी वाक्यावाक्यांनिशी सांभाळली. उघडे ठेवले ते पसरले आणि बदलले. बंद ठेवले ते टिकले आणि विसरले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्हींची गरज पडते. पण ज्या वृद्धांसाठी नागदेवांनी संस्कृत नाकारले, त्यांच्याच गावच्या लेकीसुनांना पुढे ती पोथी वाचता आली नाही, हेही त्याच हिशेबात मांडावे लागते.

आज ‘गुह्य’ शब्द बोलीत क्वचितच ऐकू येतो, आणि आला तर शरीराच्या संदर्भात: गुह्यांग, गुह्येंद्रिय. एका थोर शब्दाची आधुनिक काळात अशी घसरण झाली, अशी हळहळ अनेकदा व्यक्त होते. ती अनाठायी आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदग्रंथात ‘गुह्यरोगविज्ञानीय’ असा अध्यायच आहे. शरीर आणि ब्रह्म, दोघांनाही हा शब्द प्राचीन काळापासून एकाच वेळी लागू होता. ज्याचे उघडे प्रदर्शन करू नये ते गुह्य. त्यात उच्चनीच असा भाव नव्हता.

रोजच्या मराठीत त्याची जागा घेतली ती ‘रहस्य’ आणि ‘गुपित’ या दोन शब्दांनी.

‘रहस्य’ हे ‘रहस्’ म्हणजे एकांत यावरून आले. एकांतात सांगायचे ते रहस्य. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात जो ग्रंथ लिहिला त्याला त्यांनी ‘गीतारहस्य’ हे नाव दिले. एकांत सक्तीचा होता, आणि सुटकेनंतर हस्तलिखिते काही काळ सरकारच्याच ताब्यात राहिली. १९१५ साली ग्रंथ छापून निघाला आणि एकांताचा शब्द घरोघरी पोहोचला.

‘गुपित’चे कूळ पूर्ण वेगळे. ते ‘गुप्’ धातूचे, आणि या धातूचा मूळ अर्थ लपवणे हा नाही; रक्षण करणे हा आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ ‘गोपा’, म्हणजे गाई राखणारा, या शब्दात पाहतात. ऋग्वेदात ‘गुपित’ म्हणजे राखलेले, सुरक्षित. गुराख्याने गुरे राखावीत तसे राखलेले ते गुपित. मराठी माणूस आजही गुपित ‘राखतो’. क्रियापदाने जुना अर्थ न सांगता जपला आहे. ‘जुगुप्सा’ हा शब्दही याच धातूचा: ज्यापासून स्वतःला राखावेसे वाटते त्याविषयीची किळस.

‘गोपनीय’ही याच ‘गुप्’चे अपत्य. कूळ वेगळे असले तरी व्याकरणात ते ‘गुह्य’च्या शेजारी बसते. ‘अनीय’ हाही कृत्य प्रत्ययच. वाचनीय, दर्शनीय, तसे गोपनीय: जे राखावे ते. फायलीवर उमटणारा लाल शिक्का वस्तुस्थिती सांगत नाही. तोही कर्तव्यच सांगतो. आणि जुना प्रश्न पुन्हा समोर येतो, ते ठरवायचे कोणी?

ब्रिटिश सरकारने भारतात सरकारी गुपितांचा पहिला कायदा १८८९ मध्ये केला. लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०३-०४ मध्ये, लष्करी बाबींबरोबर मुलकी कारभारालाही त्याचे संरक्षण देणारी दुरुस्ती आली. केंद्रीय कायदेमंडळात तिला विरोध करण्यास उभे राहिले ते गोपाळ कृष्ण गोखले. किल्ले आणि तोफा यांची गुपिते राखणे समजू शकते. पण मुलकी कारभाराची कोणतीही बाब गुपित ठरवण्याची मुभा सरकारला दिली तर वृत्तपत्रे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर जगतील, हा त्यांच्या विरोधाचा रोख होता. विधेयक मंजूर झाले. १९२३ मध्ये त्याची जागा आजही लागू असलेल्या कायद्याने घेतली. त्यातील ‘निषिद्ध स्थान’ या संज्ञेत युद्धसामग्री तयार करणारा सरकारी कारखाना येतो. अंबरनाथ पश्चिमेची ती लांबलचक भिंत कायद्याच्या दृष्टीने या व्याख्येच्या आत उभी आहे.

महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा पूर्णपणे अमलात आला. त्याचे कलम २२ म्हणते की १९२३ च्या कायद्याशी विसंगती आल्यास माहिती अधिकार कायदा प्रभावी राहील. देशाच्या सुरक्षेला बाधा आणणारी माहिती कलम ८ खाली नाकारता येते, पण नाकारताना कारण लेखी द्यावे लागते. नागरिकाने मात्र माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची आवश्यकता नाही. अधिकारी कोण, हे त्याच्या वृत्तीवरूनही ठरत नाही आणि जन्मावरूनही. गीतेच्या अटीही इथे गळून पडल्या आहेत.

त्या भिंतीआड घडणाऱ्या शस्त्रसामग्रीची मापे गोपनीय आहेत आणि राहतील. तिथल्या उपाहारगृहाच्या कंत्राटाची प्रत मात्र दहा रुपये शुल्क भरून, साध्या कागदावर, मराठीतही मागता येते.